‘नागरी’ शब्दाचा माग कसा काढावा

नाशिकचे कुठलेही मराठी दैनिक आठवडाभर नीट वाचा. बिबट्या नागरी वस्तीत शिरतो, नागरी बँकेची वार्षिक सभा गाजते, नागरी सुविधांवरून महापालिकेत खडाजंगी होते आणि नागरी पुरवठा खात्याचे धान्य रेशन दुकानात पोचते. अक्षरे चारही ठिकाणी तीच आहेत, अर्थ मात्र चारही ठिकाणी एक नाही. शहरी जगण्याबद्दल बोलताना इतक्या सहज तोंडी येणारा हा शब्द आला कुठून आणि त्याने इतके अर्थ कसे गोळा केले, हे घरबसल्या आणि थोडे शहरात हिंडून शोधता येते. रीत एकदा हाती बसली की ‘पेठ’, ‘चौक’, ‘कारंजा’ अशा कुठल्याही शब्दाला ती लागू पडते.

आधी एक पथ्य. शब्दाचा अर्थ आणि शब्दाचा उगम हे दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यांची उत्तरे एकाच चिठ्ठीवर लिहू नका. अर्थ आजच्या वापरावरून ठरतो, उगम जुन्या पुराव्यावरून. ‘मूळ अर्थ अमुक, म्हणून आज तमुक वापर चुकीचा’ हा वाद जिथे जिथे पेटतो, तिथे बहुतेक वेळा या दोन चिठ्ठ्यांची सरमिसळ झालेली असते.

चिठ्ठ्या

पोस्टकार्डाच्या आकाराचे तीस-चाळीस जाड कागद कापून घ्या. वही नको, कारण पुढे या चिठ्ठ्यांचे गठ्ठे करायचे आहेत. एका चिठ्ठीवर एकच वापर आणि त्यात पाच गोष्टी: शब्द आलेले पूर्ण वाक्य, कोणी लिहिले किंवा बोलले, कुठे, कोणत्या तारखेला, आणि त्या वाक्यात हा शब्द कशाच्या विरुद्ध उभा आहे. पाचवी गोष्ट लोक गाळतात, आणि सगळे काम तिच्यावरच तर उभे असते. ‘नागरी’च्या समोर कधी ‘ग्रामीण’ असते, कधी ‘लष्करी’, कधी ‘फौजदारी’, कधी नुसते ‘जंगल’. समोरचा शब्द बदलला की अर्थ बदललाच म्हणून समजा.

चिठ्ठ्या एकाच ठिकाणाहून भरू नका. शरणपूर रोडवरचे महापालिकेचे मुख्यालय, जिल्हाधिकारी कार्यालय, न्यायालयाचे आवार इथल्या पाट्या पाहा. देवळाली कॅम्पात छावणीची हद्द आणि बाकीची वस्ती यांना लोक काय काय म्हणतात ते ऐका. ओझरला विमानतळाबद्दल बोलताना ‘नागरी विमानसेवा’ हा शब्दप्रयोग हमखास भेटतो, कारण तिथे हवाई दल शेजारीच आहे आणि फरक सांगावाच लागतो. रिक्षावाल्याला ‘सिव्हिल’ म्हटले की तो थेट जिल्हा रुग्णालयाशी आणून सोडतो. हा ‘सिव्हिल’सुद्धा एका चिठ्ठीवर घ्या, त्याचे काम पुढे पडणार आहे. पाटीचा फोटो काढलात तरी वाक्य हाताने उतरवा. फोटो मोबाइलमध्ये पडून राहतात आणि गठ्ठे करायच्या वेळी सापडत नाहीत.

नुसत्या बातम्यांवर भागवले तर शासकीय अर्थ फुगतो आणि बोलण्यातला हरवतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे वाक्य सोडून फक्त ‘नागरी बँक’ एवढेच टिपणे. महिन्याने त्या चिठ्ठीवरून काहीच कळत नाही. आणि एकच सरकारी मजकूर दहा ठिकाणी छापून आला असेल तर ती एकच चिठ्ठी धरावी, दहा नव्हेत.

बदलून पाहा

आता प्रत्येक वाक्यातला ‘नागरी’ काढून त्या जागी आळीपाळीने चार शब्द ठेवा: शहरी, मुलकी, दिवाणी, नागरिकांचा. वाक्य कशाने चालते ते चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहा.

‘नागरी सहकारी बँक’मध्ये ‘शहरी’ चालते. अशा कितीतरी बँकांच्या नावात ‘अर्बन’ असते आणि लोक तर नुसते ‘अर्बन’च म्हणतात. ‘नागरी पुरवठा’मध्ये ‘शहरी’ ठेवले की वाक्य मोडते, कारण ते धान्य पेठ-सुरगाणा तालुक्यांतल्या पाड्यांवरही जाते. ‘नागरी विमान वाहतूक’ आणि ‘नागरी संरक्षण’ इथे समोर लष्कर आहे, म्हणून ‘मुलकी’ बसतो. ‘समान नागरी संहिता’ या शब्दातला ‘नागरी’ हा न्यायालयात ज्याला ‘दिवाणी’ म्हणतात त्याच्या जवळचा. समोर फौजदारी आहे. गंमत अशी की एकाच इंग्रजी ‘सिव्हिल’चे मराठीत ‘दिवाणी प्रक्रिया संहिता’ असेही झाले आणि ‘समान नागरी संहिता’ असेही. ‘नागरी सुविधा केंद्रा’त ‘नागरिकांच्या सुविधा’ म्हटले तरी चालते आणि ‘शहरी’ म्हटले तरी फारसे बिघडत नाही; अशा चिठ्ठ्यांचा वेगळा गठ्ठा ठेवा, ओढूनताणून कुठे बसवू नका.

बिबट्याची चिठ्ठी मात्र चारांपैकी कशानेच सुटत नाही. मखमलाबादच्या मळ्यांत किंवा एखाद्या खेड्यात बिबट्या आला तरी बातमीत ‘नागरी वस्ती’च लिहिलेले असते. समोर जंगल आहे, म्हणजे इथे अर्थ ‘माणसांची वस्ती’ एवढाच. कोशात हा अर्थ चटकन सापडणार नाही. चिठ्ठ्यांशिवाय तो हाती लागलाच नसता.

गठ्ठे पाडून झाले की कारण आपोआप समोर येते. इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत. ‘अर्बन’ हा लॅटिन ‘उर्ब्स’ म्हणजे शहर यापासून आला आणि ‘सिव्हिल’ हा ‘कीविस’ म्हणजे नागरिक यापासून. राज्यकारभाराची भाषा मराठीत आणताना दोन्हींसाठी एकच ‘नागरी’ पुढे केला गेला. म्हणून आज बँक ‘अर्बन’च्या वाटेने नागरी आहे आणि रेशनचे धान्य ‘सिव्हिल’च्या वाटेने. दोन वाटांनी आलेले पाणी एकाच हौदात पडले आहे. इथे घरची चव लावणारे ‘दिवाणी’ आणि ‘मुलकी’ हे शब्द मागे सरकले याची थोडी हळहळ वाटते, कारण ‘मुलकी’ म्हटल्यावर शहराचा गोंधळ होतच नव्हता.

कोश उघडण्याचा क्रम

कोश जुन्यापासून नव्याकडे यावेत. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1857 ची आहे. त्या काळी शब्द कुठवर पोचला होता ते त्यात दिसते. मग दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, 1932 ते 1938 मध्ये निघालेले सात खंड आणि 1950 ची पुरवणी. पुरवणी विसरू नका, सातव्या खंडापाशी थांबणारे बरेच असतात. त्यानंतर कृ. पां. कुलकर्णी यांचा 1946 चा मराठी व्युत्पत्ति कोश. यादवकालीन मराठीसाठी तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा 1999 चा कोश, फारसीतून आलेल्या शब्दांसाठी माधवराव पटवर्धनांचा 1925 चा फार्शी-मराठी कोश, आणि भारतीय आर्य भाषांची तुलना हवी असेल तर टर्नरचा कोश. कारभारी अर्थांसाठी सगळ्यांत शेवटी भाषा संचालनालयाचे पदनाम कोश आणि शासन व्यवहार कोश पाहावेत. संचालनालय 1960 मध्ये स्थापन झाले, तेव्हा हा सारा थर त्यानंतरचा. मोल्सवर्थ, दाते-कर्वे, तुळपुळे आणि टर्नर हे चारही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. कागदी प्रत हवी असेल तर 1840 पासूनचे सार्वजनिक वाचनालय नाशिकमध्येच आहे. संदर्भ विभागातले ग्रंथ सहसा घरी देत नाहीत, तेव्हा चिठ्ठ्या बरोबर न्याव्यात.

शब्द सापडत नसेल तर दोष बहुधा शोधण्याच्या पद्धतीत असतो. एकटा ‘नागरी’ पाहू नका. नगर, नागर, नागरिक, नगरी हे सगळे कुटुंब पाहा. जुन्या कोशांत जुने शुद्धलेखन असते, आता गळालेले अनुस्वार तिथे भेटतात. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ काही कोशांत ‘ह-ळ’च्या पुढे असतात, तर संस्कृत कोशांत ‘क’ आणि ‘ज’च्या पोटात. ‘शहर’सारख्या शब्दाची बोलण्यातली रूपेही, ‘शेहेर’, ‘शहार’, तपासून घ्यावीत.

कोशात कंसातली खूण वाचायची सवय लावा. सं. म्हणजे संस्कृत, फा. फारसी, अर. अरबी, हिं. हिंदी. ही खूण शब्द कुठल्या दारातून आला एवढेच सांगते, त्या भाषेत तो कधी आणि का जन्मला ते सांगत नाही. ‘कोशात सं. लिहिले आहे’ इथे काम संपवणे म्हणजे नाशिक रोडला उतरून त्र्यंबकला पोचलो म्हणण्यासारखे.

झिजलेला की कोरा

आता ‘नगर’ घ्या. जुन्या वैयाकरणांनी तो ‘नग’ म्हणजे डोंगर किंवा झाड यापासून सांगितला आहे: जिथे डोंगरांसारखी घरे उभी आहेत ते नगर. आधुनिक अभ्यासकांत याबाबत एकमत नाही, काहींनी द्राविड भाषांतल्या ‘नकर’ या शब्दाकडेही बोट दाखवले आहे. दोन्ही मते आपल्या चिठ्ठीवर मतं म्हणूनच लिहा, पुरावा म्हणून नको.

मराठीत तो कसा आला हे मात्र अधिक नेमके सांगता येते, आणि त्याचा पुरावा नाशिक जिल्ह्यातच आहे. तोंडातोंडी पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या शब्दात दोन स्वरांमधला ‘ग’ टिकत नाही. नगरचे प्राकृतात ‘णयर’, ‘णअर’ झाले आणि पुढे गावांच्या नावांत ‘नेर’ किंवा ‘नर’ उरले. जीर्णनगराचे जुन्नर झाले. यादवांची देवगिरीआधीची राजधानी सिंदिनगर म्हणजे आपले सिन्नर. संगमनेर, पारनेर, अमळनेर याच रांगेतली. म्हणजे झिजलेला शब्द हवा असेल तर तो सिन्नरच्या नावात आहे. ‘ग’ शाबूत असलेला ‘नगर’ आणि त्यावरून आलेला ‘नागरी’ हे पंडितांनी आणि लेखकांनी संस्कृतातून पुन्हा उचललेले, कोरे शब्द. तत्सम आणि तद्भव हा शाळेत पाठ केलेला भेद अशा वेळी कामाला येतो.

कोऱ्या शब्दालाही इतिहास असतो. संस्कृतात ‘नागरक’ म्हणजे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शहराचा कारभार पाहणारा अधिकारी, तर कामसूत्रात शहरात राहणारा रसिक, चैनी गृहस्थ. समोर उभा होता ‘ग्राम्य’, म्हणजे खेडवळ. त्यातून ‘नागर’ला नीटनेटका, देखणा असा अर्थ चढला. ज्ञानेश्वरीच्या दहाव्या अध्यायात ‘देशियेचेनि नागरपणें’ असे शब्द येतात. तिथे नगराचा काही संबंध नाही, मराठीचा डौल आणि सौंदर्य सांगायचे आहे. ग्रंथ 1290 चा आहे, तेव्हा ‘शहर’ ते ‘सुंदर’ हा प्रवास निदान त्याआधी झाला होता, एवढे तारखेसकट म्हणता येते. तारखेसकट म्हणता येणे ही या सगळ्या खटाटोपातली सर्वांत मोठी कमाई. आजचा ‘नागरिक’, म्हणजे देशाचा मतदार, मग तो गोदाकाठी राहो की पाड्यावर, हा अर्थ ‘सिटिझन’च्या भाषांतरातून आलेला, अगदी अलीकडचा.

दगडावरचा पुरावा

शहरी जीवनाचे दोन फार जुने शब्द नाशिकला दगडात कोरलेले आहेत आणि बहुतेक लोक तिथे जाऊन लेणी पाहतात, अक्षरे पाहत नाहीत. मुंबई-आग्रा महामार्गालगत, जुन्या नाशिकपासून साधारण आठ किलोमीटरवर त्रिरश्मी डोंगरात पांडवलेणी आहेत, एकूण 24. जाण्याआधी ‘एपिग्राफिया इंडिका’ या शिलालेखांच्या ग्रंथमालेच्या आठव्या खंडातले नाशिकच्या लेखांचे पाठ छापून घ्या. अक्षरे ब्राह्मी, भाषा प्राकृत. छापील पाठ हातात नसेल तर भिंतीवर ओरखड्यांपलीकडे काही दिसणार नाही. लेखाला हात लावू नये, खडू घासू नये, पाणी मारू नये. वास्तू संरक्षित आहे आणि दगड आधीच झिजला आहे. विजेरीचा उजेड समोरून न टाकता भिंतीलगत तिरपा धरला तर खोदकामाच्या सावल्या उठतात आणि अक्षर वाचता येते.

लेणे क्रमांक 3 मध्ये सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला, गौतमी बलश्रीचा लेख आहे. तिच्या मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे वर्णन करताना त्यात ‘पोरजन’ हा शब्द येतो: पौरजनांचे सुखदुःख तो आपलेच मानी. पौर म्हणजे पुरात राहणारा. हाच पौर पुढे ‘महापौर’ या शब्दात पुन्हा भेटतो. ‘मेयर’साठी तो रूढ करण्याचे श्रेय भाषाशुद्धीच्या चळवळीतल्या सावरकरांना दिले जाते, आणि त्यांचे जन्मगाव भगूर इथून हाकेच्या अंतरावर.

लेणे क्रमांक 10 मधला क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा, वर्ष 42 चा लेख शब्दांच्या शोधकाला याहून जास्त देतो. त्याने 3000 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायम ठेव म्हणून ठेवले: 2000 दरमहा शेकडा 1 व्याजाने, 1000 शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याजातून भिक्षूंचा खर्च चालवायचा. आणि हे सारे ‘निगमसभेत’ वाचून दाखवले, नोंदवले, असे लेख सांगतो. निगम म्हणजे व्यापारी शहर, त्याची सभा. हिंदीत महापालिकेला आज ‘नगर निगम’ म्हणतात तो हाच शब्द. मराठीने ‘महानगरपालिका’ घेतली. नाशिकची नगरपालिका 1864 ची आणि महानगरपालिका 1982 ची, पण शहराची सभा भरते आणि ठेवीची नोंद करते हे इथल्या दगडाला सुमारे एकोणीसशे वर्षांपासून ठाऊक आहे. नागरी बँकेची वार्षिक सभा म्हटली की हा लेख आठवल्याशिवाय राहत नाही.

‘शहर’ आणि फसवी नाती

‘नागरी’च्या शेजारी ‘शहर’ची चिठ्ठी ठेवा. तो फारसीतून आला हे पहिल्याच कोशात कळेल. त्यामागे जायचे तर इराणी भाषांचा आधार घ्यावा लागतो: अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथाच्या भाषेत ‘ख्शथ्र’ म्हणजे सत्ता, राज्य. मध्य फारसीत, म्हणजे पहलवीत, ‘शह्र’ म्हणजे अख्खा देश. ‘एरानशह्र’ हे साम्राज्याचे नाव होते. पुढे अर्थ आकसत आकसत एका गावापुरता उरला. आणि त्या ‘ख्शथ्र’चा संस्कृतातला सख्खा भाऊ म्हणजे ‘क्षत्र’. शहर आणि क्षत्रिय एका कुळातले, कानाला अजिबात न पटणारे नाते.

उलट ‘शहरात राहिला म्हणून शहाणा’ हे कानाला झकास लागते आणि साफ खोटे आहे; शहाणा ‘सज्ञान’वरून आला. ‘नागर’ आणि ‘नांगर’ यांचेही तसेच. शेतातला नांगर संस्कृत ‘लाङ्गल’चा, त्याचा नगराशी संबंध नाही. वैद्यांच्या यादीत ‘नागर’ म्हणजे सुंठ, हे माहीत नसेल तर जुना काढा वाचताना फजिती व्हायची.

सातपूर, गंगापूर यांतला ‘पूर’ आणि दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत चढणारा गोदावरीचा पूर, दोन्ही मराठीत सारखेच दीर्घ लिहितात आणि ‘पुरात’ म्हणताना दोन्ही सारखेच ऱ्हस्व होतात, त्यामुळे सामान्यरूपावरूनही उलगडा होत नाही. संस्कृत कोशच उघडावा लागतो. गावाचा ‘पुर’ म्हणजे तटबंदीची वस्ती, पाण्याचा ‘पूर’ भरण्याच्या धातूवरून. त्या तटबंदीच्या ‘पुर’चा ग्रीक भाऊबंद ‘पोलिस’ म्हणजे नगरराज्य. तिथून लॅटिन, फ्रेंच, इंग्रजी अशी पायपीट करत तोच आपल्याकडे ‘पोलीस’ होऊन आला. म्हणजे ‘सातपूर पोलीस ठाणे’ या पाटीवर एकाच घरातले दोन चुलत भाऊ शेजारी बसले आहेत.

म्हणून नियम असा: आवाज जुळला की संशय घ्या आणि तीन गोष्टी मागा. मधल्या पायऱ्यांची रूपे, ध्वनी बदलण्याचा तोच नियम पाळणारे दुसरे दोन-तीन शब्द, आणि अर्थ एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकल्याचे एखादे तारीख असलेले वाक्य. तिन्ही मिळाल्या तर नाते पक्के. एकच मिळाली तर चिठ्ठीवर पेन्सिलने लिहा.

नोंद लिहिताना

शेवटी सगळे गठ्ठे एका नोंदीत उतरवायचे. आजचे अर्थ आधी, प्रत्येकाखाली एक खरे वाक्य आणि त्याचा विरोधी शब्द. मग उगम, नव्याकडून जुन्याकडे. ‘नागरी’ची नोंद अशी दिसेल:

नागरी, वि. 1. शहराचा (× ग्रामीण): नागरी सहकारी बँक. 2. लष्कराबाहेरचा, मुलकी (× लष्करी): नागरी विमान वाहतूक. 3. दिवाणी स्वरूपाचा (× फौजदारी): समान नागरी संहिता. 4. सर्वसामान्य जनतेचा: नागरी पुरवठा. 5. माणसे राहतात तो भाग (× जंगल): बिबट्या नागरी वस्तीत. [सं. नागर < नगर. अर्थ 1 वर इंग्रजी ‘अर्बन’चा, 2 ते 4 वर ‘सिव्हिल’चा प्रभाव. तद्भव रूप गावांच्या नावांत: सिन्नर, संगमनेर.]

लिपीचे नाव असलेली ‘नागरी’ या नोंदीत घालू नका. ती स्त्रीलिंगी नाम आहे, तिची नोंद वेगळी करावी. जे वाक्य कुठल्याच अर्थात बसले नाही ते नोंदीखाली तसेच ठेवा, तारीख घालून. पाचवा अर्थ अशाच न बसलेल्या चिठ्ठीतून निघाला होता.